पीनट बटर-जेली सँडविच: तुमच्या घरची पद्धत कोणती?

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी घरांत मूल शाळेत जाऊ लागले की पोळी-भाजीच्या डब्याशेजारी हळूहळू एका सँडविचला जागा मिळते. पावाचे दोन स्लाइस, एकावर पीनट बटर, दुसऱ्यावर जेली (फळांच्या गाळलेल्या रसाचा, गर नसलेला जॅम), एवढीच ती कृती आहे. पण इतक्या साध्या पदार्थाविषयी इतकी ठाम मते असलेली माणसे मला क्वचितच भेटली आहेत.

या सँडविचची पहिली ज्ञात छापील कृती १९०१ साली बॉस्टनच्या एका पाककलाविषयक मासिकात आलेली आढळते. ज्युलिया डेव्हिस चँडलर या लेखिकेने त्यात पावाचे तीन अगदी पातळ थर घ्यायला सांगितले होते. एका फटीत शेंगदाण्याची पेस्ट आणि दुसऱ्या फटीत करंट (बोरापेक्षाही लहान, आंबट फळे) किंवा क्रॅबॲपलची (छोट्या आंबट सफरचंदांची) जेली. म्हणजे पहिल्याच कृतीत दोन्ही सारणांच्या मध्ये पाव होता! त्या काळी हा चहाच्या वेळचा नाजूक पदार्थ होता. १९२८ साली मिसूरीतील चिलिकोथी येथे यंत्रावर कापलेला पाव विक्रीला आला, त्याच सुमारास तेल वेगळे न होणारे पीनट बटर बाजारात रुळू लागले, आणि पुढे लहान मुलेसुद्धा स्वतःच्या हाताने हे सँडविच करू लागली.

माझे स्वतःचे मत असे आहे की, सँडविच केल्यावर किती वेळाने खाल्ले जाणार आहे, यावर त्याची योग्य पद्धत ठरते. ओट्यापाशी उभ्याने खायचे सँडविच आणि सकाळी सातला भरून दुपारी उघडायचे सँडविच हे दोन वेगळे पदार्थ आहेत. तरी आपला अनुभव लिहिताना पाव, जेली, प्रमाण आणि लावण्याचा क्रम यांबरोबरच ते केव्हा खाल्ले जाते, हेही सर्वांनी आवर्जून सांगावे.

एडिसन, न्यू जर्सी

आमच्याकडे सँडविच डब्यासाठीच होते, त्यामुळे धाग्याच्या प्रस्तावनेतील म्हणणे मला पूर्णपणे पटते. माझा नियम एकच आहे: पीनट बटर दोन्ही स्लाइसना लावायचे आणि जेली मधोमध ठेवायची. जेलीत साधारण एक तृतीयांश पाणी असते आणि ती थेट पावाला लागली की दुपारपर्यंत ते पाणी पावात उतरते. पीनट बटरमधले तेल मात्र त्या पाण्याला अडवून धरते. दोन्ही बाजूंना मिळून दोन मोठे चमचे पीनट बटर आणि मध्ये एक चमचा जेली, हे प्रमाण मी कधी बदलत नाही. पीनट बटर अगदी कडेपर्यंत न्यायचे, जेली मात्र कडेपासून बोटभर आत थांबवायची, म्हणजे वरचा स्लाइस दाबल्यावर ती बाहेर येत नाही.

याच रचनेच्या, कडा दाबून बंद केलेल्या सँडविचला डिसेंबर १९९९ मध्ये अमेरिकेत चक्क पेटंट मिळाले होते. पुढे त्याच कल्पनेवरचे हक्क वाढवून मागणारे अर्ज २००५ साली अपील न्यायालयाने नामंजूर केले. ते योग्यच झाले असे मला वाटते, कारण घरोघरच्या आया हे आधीपासून करत आल्या आहेत.

रविवारी मी आठवड्याभराची सँडविचे करून, प्रत्येक वेगळे गुंडाळून फ्रीझरमध्ये ठेवते. सकाळी गोठलेले सँडविच डब्यात टाकले की जेवणाच्या सुट्टीपर्यंत ते नेमके खाण्याजोगे मऊ झालेले असते. लेक त्रिकोणी तुकडे मागते आणि मुलगा अख्खे मागतो. ती मागणी मी विनातक्रार पुरवते, कारण त्यामुळे डबा रिकामा परत येतो.

बॉस्टनजवळून

जेली असेल तर ती काँकर्ड द्राक्षांचीच असावी, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे. हे द्राक्ष आमच्या शेजारच्या काँकर्ड गावी इफ्रेम वेल्स बुल यांनी १८४९ साली तयार केले. त्याचा रंग गडद जांभळा, साल गरापासून चटकन सुटणारी आणि वास इतका तीव्र की भाजलेल्या दाण्यांच्या खमंगपणापुढेही तो हरवत नाही. नाशिक-सांगलीकडच्या गोड, पातळ सालीच्या द्राक्षांवर वाढलेल्या माणसाला हा वास सुरुवातीला उग्र वाटतो, पण एकदा आवडला की स्ट्रॉबेरी जॅम फिका वाटू लागतो. पाव पांढरा, मऊ आणि ताजा असावा. मी करते आणि लगेच खाते.

डॅलस, टेक्सास

मी पीनट बटर विकत आणत नाही. अमेरिकन नियमानुसार त्यात किमान ९० टक्के शेंगदाणे असावे लागतात, म्हणजे बाजारचेही वाईट नसते. परंतु उरलेल्या दहा टक्क्यांत येणारी साखर आणि घट्ट केलेले तेल मला नको असते. शिवाय दाण्याचे कूट करणे हे आपल्या स्वयंपाकघरातले रोजचे काम आहे आणि पीनट बटर म्हणजे त्याच कुटाची पुढची पायरी आहे.

कुटासाठी आपण मिक्सर जिथे थांबवतो, तिथे थांबायचे नाही. दाणे मंद आचेवर खरपूस भाजून, साले पाखडून, कोमट असतानाच भांड्यात घालावेत. आधी भरड होते, मग बारीक कूट, मग ते कडेला चिकटून गोळा होऊ लागते. इथे अनेकांना काहीतरी बिघडले असे वाटून ते तेल किंवा पाणी घालतात. पाणी तर अजिबात घालू नये, त्याने ते घट्ट होऊन बसते आणि टिकतही नाही. मिक्सरला मध्ये मध्ये विश्रांती देत, कडेचे खाली ओढत फिरवत राहिले की दाण्यांचे स्वतःचे तेल सुटते आणि गोळा सैल होऊन वाहू लागतो. मीठ शेवटी घालावे. मूठभर दाणे आधीच भरडून बाजूला ठेवावेत आणि नंतर मिसळावेत, कारण दाताखाली काही आले नाही तर मला ते सँडविच खाल्ल्यासारखे वाटत नाही.

असे पीनट बटर ठेवले की तेल वर येते. बरणी पहिले काही दिवस उलटी ठेवावी आणि नीट ढवळून झाल्यावर फ्रिजमध्ये हलवावी. एडिसनच्या ताईंची दोन्ही बाजूंची पद्धत या सैल पीनट बटरलाही चालते, फक्त लावण्याआधी ते थंड असावे.

सिअॅटल

दोन स्लाइस टोस्टरच्या एकाच खाचेत एकमेकांना चिकटवून घालावेत. बाहेरच्या बाजू कुरकुरीत होतात आणि आतल्या मऊ राहतात. कुरकुरीत बाजू आत घेऊन तिच्यावर पीनट बटर लावावे, ते किंचित वितळते, आणि हाताला मऊ पाव लागतो. यासाठी रासबेरी जॅम घ्यावा. डब्यासाठी ही पद्धत उपयोगाची नाही. हे सँडविच टोस्टरपासून ताटलीपर्यंतच चांगले असते.

शिकागोच्या उपनगरातून

आमच्या घरची पद्धत धाकट्याच्या शेंगदाण्याच्या ॲलर्जीमुळे ठरली आहे, म्हणून हा अनुभव थोडा वेगळा आहे. त्याच्या शाळेत दाणे आणि सुकामेवा न आणणाऱ्या मुलांसाठी वेगळे टेबल असते. आम्ही सूर्यफुलाच्या बियांचे बटर वापरतो. त्याची चव दाण्यांपेक्षा किंचित कडवट आणि मातकट असते, त्यामुळे गोड द्राक्षजेलीपेक्षा आंबटसर जॅम, म्हणजे रासबेरी किंवा जर्दाळूचा, त्याच्याबरोबर अधिक जुळतो. मीठ चिमूटभर वाढवावे.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगायची आहे. दुसऱ्या मुलाच्या डब्यात दाण्याचा पदार्थ देत असाल तर शाळेचा नियम आधी विचारा आणि घरी त्या सुरीने दुसऱ्या कोणत्याही बरणीला हात लावू नका. आमच्या थोरल्या मुलीला पीनट बटर अतिशय आवडते. ती ते मैत्रिणीकडे खाते, हात-तोंड साबणाने धुते आणि मगच भावाजवळ येते. तान्ह्या मुलांना दाणे केव्हा द्यावेत याविषयीचा सल्ला अमेरिकेत २०१७ पासून बदलला आहे आणि लवकर सुरुवात करण्याकडे त्याचा कल आहे. पण ज्या बाळाला तीव्र एक्झिमा (त्वचेला खाज आणि पुरळ येणारा विकार) किंवा अंड्याची ॲलर्जी आहे, त्याच्याबाबतीत डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही करू नये.

सॅन होजे, कॅलिफोर्निया

सुरीचा विषय निघाला म्हणून लिहितो. इथल्या शाळांत मुलांना या सँडविचची कृती लिहायला सांगतात आणि शिक्षक ती शब्दशः पाळून दाखवतात. ‘पावावर पीनट बटर ठेवा’ असे लिहिले असेल तर न उघडलेली बरणीच पावाच्या पाकिटावर ठेवली जाते. संगणकाला सूचना किती नेमक्या द्याव्या लागतात, हे मुलांना त्यातून समजते. माझ्या मुलाने त्या दिवशी घरी येऊन आमच्या स्वयंपाकघरासाठी कृती लिहिली आणि आम्ही आजही तीच पाळतो: जेली आधी, चमच्याने, पीनट बटर नंतर, सुरीने, आणि चमच्याने बरणीत पुन्हा शिरायचे नाही. जेलीच्या बरणीत दाण्याचे तपकिरी ठिपके दिसणे मला मनापासून नापसंत आहे आणि या क्रमाने ते पूर्ण थांबले.

अटलांटा, जॉर्जिया

अमेरिकेत सर्वाधिक भुईमूग आमच्या राज्यात पिकतो, म्हणून लिहिणे भाग आहे. माझ्या सासूबाई सोलापूरच्या आहेत. इथे आल्यावर त्यांनी पीनट बटर चाखले, चांगले आहे म्हणाल्या, आणि त्यावर जेली लावण्याआधी घरून आणलेली शेंगदाण्याची चटणी भुरभुरवली. लसूण आणि तिखटाने द्राक्षजेलीचा गोडवा असा काही उठून येतो की आता आमच्याकडे मोठ्यांसाठी तसेच होते. चटणी पीनट बटरवरच घालावी, म्हणजे ती चिकटून राहते. अर्धा लहान चमचा पुरतो.

पुणे

अमेरिकेतील वास्तव्य संपवून परतल्यावर मुलांनी या सँडविचचा हट्ट कायम ठेवला. महाबळेश्वर-पाचगणीकडचा स्ट्रॉबेरी जॅम इथे सहज मिळतो आणि त्याने काम भागते. परंतु खरा शोध पेरूच्या जेलीचा लागला. माझी आई ती थंडीत करत असे. पेरूचे तुकडे बुडतील एवढ्या पाण्यात शिजवून, मलमलच्या कापडात रात्रभर टांगून ठेवायचे आणि कापड अजिबात पिळायचे नाही, नाहीतर जेली गढूळ होते. निथळलेल्या रसात साखर आणि लिंबाचा रस घालून आटवायचे, आणि चमच्यावरून थेंब पडताना दोन थेंब एकत्र येऊन पापुद्र्यासारखे लोंबू लागले की गॅस बंद करायचा. पेरूत पेक्टिन, म्हणजे जेली घट्ट करणारा फळातलाच घटक, भरपूर असल्याने वेगळे काही घालावे लागत नाही. ही जेली द्राक्षाच्या जेलीपेक्षा घट्ट बसते, त्यामुळे डब्यात दुपारपर्यंत पाव ओला होत नाही, अगदी एकाच बाजूला पीनट बटर लावले तरीही.

धागाकर्तीकडून

पुण्याच्या ताई, पेरू कितपत पिकलेला घ्यावा आणि साखरेचे प्रमाण काय ठेवावे, तेवढे कृपया सांगावे. एडिसनच्या ताईंनाही एक विचारायचे आहे: अशी घट्ट जेली फ्रीझरमधून बाहेर काढल्यावर पाणी सोडते का?

पुणे

पेरू वास सुटलेला पण दाबल्यावर टणक असा घ्यावा, आणि तीन-चारात एक थोडा कच्चा मिसळावा, कारण पिकलेल्यापेक्षा कच्च्यात पेक्टिन जास्त असते. एक वाटी रसाला पाऊण वाटी साखर आणि अर्ध्या लिंबाचा रस.

एडिसन, न्यू जर्सी

घरची जेली मी अजून गोठवलेली नाही. इथल्या भारतीय दुकानात पेरू मिळतात. या शनिवारी जेली करते, रविवारी सँडविचे भरते आणि सोमवारी मुलांचा डबा परत आला की इथेच लिहिते.