पोहताना डॉल्फिन जवळ आला, तर त्याच्या मागं जावं का?

पवनीकर

आमचं गाव पवनी तालुक्यातलं. पोहायला शिकलो ते गावच्या मामा (माजी मालगुजारी) तलावात, पाठीला रिकामा डबा बांधून. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो वयाच्या ४१ व्या वर्षी, गेल्या जानेवारीत. नागपूर-मडगाव गाडीनं कुडाळला उतरलो आणि तिथून तारकर्ली. सोबत बायको, बहीण आणि भाचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या सुमारास लाटा फुटतात त्याच्या जरा पलीकडं, छातीभर पाण्यात होतो. मागून आवाज आला, फस्स! नदीवर पाणी पिताना बैलाच्या नाकपुड्या बुडाल्या की तो जसा फुरफुरतो ना, अगदी तसा. वळून पाहिलं तर दहा-बारा हातांवर करडी पाठ वर आलेली. पाठीवर वशिंडासारखा उंचवटा आणि त्यावर छोटासा पर. मग शेजारी दुसरी पाठ, आणि दोघांच्या मधे एक लहानगं. मोठे नुसती पाठ दाखवून श्वास घेत होते, पण त्या लेकराला इतकी घाई की प्रत्येक वेळी अख्खं डोकं बाहेर. मोठ्याच्या अंगावर दातांच्या ओरखड्यांसारख्या पांढऱ्या रेघा होत्या. श्वासाला मासळीचा वास होता. मी जागच्या जागी हात हलवत राहिलो. दीड-दोन मिनिटं असतील. बाहेर आलो तर बायकोला धड सांगताही येईना, ओठ थरथरत होते.

तेवढ्यात पर्यटकांची एक होडी इंजिन रोंरावत तिथं पोचली, मागून दुसरी. आरडाओरडा, शिट्ट्या. तिघांनी बुडी मारली ती पार लांब, खडकाच्या बाजूला वर आली.

दुसऱ्या दिवशी एका होडीवाल्यानं सांगितलं, लाइफ जॅकेट देतो, डॉल्फिन दिसले की त्यांच्या पुढ्यात सोडतो, पोहा. मी नाही म्हटलं. भाचा अजून रुसलेला आहे. म्हणतो, मामा, हजार किलोमीटर येऊन तुम्ही नाही का म्हणालात?

म्हणून इथं विचारतो. माझं मत असं की डॉल्फिन आपणहून आला तर थांबावं आणि डोळे भरून पाहावं. त्याच्या मागं पोहत जाऊ नये, हात लावू नये, आणि होडीतून त्याच्या वाटेत उडी तर मुळीच मारू नये. कोकणात दिसतो तो बहुतेक हंपबॅक डॉल्फिन. हा खोल समुद्रातला नव्हे, किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात आणि खाडीच्या तोंडाशी राहणारा. आपण पोहतो, होड्या फिरवतो, तेच त्याचं घर. जगभरात त्याची गणना धोक्यात आलेल्या जातींत होते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात तो पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे आपल्या वाघाच्याच पंगतीला. तुम्हाला काय वाटतं?

कपाशीवाला (तिवसा)

भाऊ, मनापासून सांगतो, मले हे पटलं नाही. तुम्ही पाह्यलं, तुमचं मन भरलं, आता दुसऱ्याले म्हणता जाऊ नका.

आपल्याकडच्या माणसाले समुद्र म्हणजे जन्मातून एकदा. कापूस विकून पैसे जमवायचे, लेकराईच्या सुट्या पाहायच्या, मंग कुठं कोकण. तिथं डॉल्फिन दिसला अन् पोरगं म्हणालं मले जवळ जायचं, तं बापानं नाही म्हणायचं? ज्यानं कधी वाघ पाह्यला नाही, त्याले वाघ जगला काय अन् मेला काय. जवळून पाह्यलेल्या पोराच्या मनात जे राहते ते पुस्तकानं येत नाही.

होडीचं इंजिन वाईट, हे मान्य. पण एक माणूस चुपचाप पाण्यात उतरला तं त्या जिवाचं काय बिघडते? नसन पटत तं तो निघून जाईन. पाणी त्याचं आहे, आपल्यापेक्षा कितीतरी जोरात पोहते तो.

मोहर्लीचा गाईड

कपाशीवाले दादा, “निघून जाईन” या शब्दावर बोलतो. माझी १६ वर्षं ताडोब्यात सफारीच्या जिप्सीत गेली.

३१ डिसेंबर २०२४ आठवा. उमरेड-पवनी-करांडला अभयारण्यात, गोठणगावच्या बाजूला, एफ-टू वाघीण आणि तिचे पाच बछडे. रस्त्याच्या दोन्ही अंगांनी जिप्सी लागल्या आणि ती मधात अडकली. व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला. जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. त्या गाड्यांतल्या एकेकाला विचारा, प्रत्येक जण म्हणेल की माझी तर एकच गाडी होती. आणि ते खरंच आहे. वाघिणीला मात्र एक गाडी दिसत नव्हती, सगळ्या दिसत होत्या.

तुमचा पोरगा चुपचाप पोहेल, शंका नाही. पण त्याच सकाळी त्याच तीन डॉल्फिनांच्या मागं आणखी किती पोरं आणि किती होड्या, हे तुम्हाला पाण्यातून दिसणार नाही.

आणि निघून जाणं फुकट नसते दादा. भर उन्हाळ्यात पाणवठ्यावरून उठवलेलं जनावर तहानलेलंच जाते. आम्ही ते रोज पाहतो.

माहेर भंडारा, सासर मालवण

पवनीकर दादा, तुमच्या गावापासून माझं माहेर तासाभराच्या वाटेवर, म्हणून हक्कानं लिहिते. माझे दीर होडी चालवतात. तुम्ही होडीवाल्यांबद्दल लिहिलंत ते खोटं नाही, पण अर्धं आहे.

आमच्याकडे २६ मे ते ३१ ऑगस्ट प्रवासी होड्या बंद. १ जून ते ३१ जुलै मासेमारीही बंद. राहिलेल्या महिन्यांत होडीचा आणि इंजिनाचा हप्ता काढायचा आणि घरही चालवायचं. होडीत बसलेली मंडळी काय करतात ते मी स्वतः पाहिलंय. फळीवर हात आपटतात, “जवळ घ्या, अजून जवळ घ्या” म्हणून ओरडतात. डॉल्फिन दिसला नाही तर पैसे परत मागतात. दीर इंजिन बंद करून थांबले की म्हणतात, डिझेल वाचवताय का. इंजिन बंद केल्यावर डॉल्फिन पुष्कळदा आपणहून जवळून जातात, पण त्यासाठी दहा मिनिटं गप्प बसावं लागतं. गप्प बसणारं गिऱ्हाईक दहा होड्यांत एक.

आणखी एक सांगते. हेच डॉल्फिन जाळ्यातली मासळी ओढतात, जाळं फाडतात. रात्ररात्र जाळं शिवत बसलेला माणूस त्यांच्याकडे तुमच्यासारखा पाहू शकत नाही. तरी पर्यटनामुळं त्याच प्राण्यावर घर चालतंय, म्हणून घरातली पोरं आता त्यांना आपले म्हणतात. हा धंदा बंद करा म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

पवनीकर

ताई, धंदा बंद करा असं मला म्हणायचं नव्हतं, पण लिहिण्यातून तसं निघालं असेल तर चूक माझी. उडी मारायची लालूच आम्ही पर्यटकच दाखवतो, हे खरं आहे. त्या होडीवाल्यानं भाच्याच्या डोळ्यांत पाहूनच विचारलं होतं.

ढिवराचा पोरगा (अर्जुनी मोरगाव)

सगळे डॉल्फिनच्या जिवाचं बोलून राहिले, मी माणसाच्या जिवाचं बोलतो.

आमचा जन्म तलावावरचा. बाप, आजा सगळे मासोळी धरणारे. आम्हाले वाटते आपल्याले पोहणं येते, कुठंही टाका. ते खोटं आहे. तलावाचं पाणी एका जागी उभं राहते, समुद्राचं राहत नाही. लाटा किनाऱ्यावर आणतात ते पाणी कुठून तरी परत जाते, आणि जाते ते एका पट्ट्यातून, जोरात. त्या पट्ट्यात लाटा फुटताना दिसत नाहीत, म्हणून आपल्याले तीच जागा शांत वाटते आणि आपण तिथंच उतरतो. ओढ लागली की तलावातला पोहणारा सरळ काठाकडं हात मारते, थकते आणि संपते. अशा वेळी किनाऱ्याले समांतर पोहत पट्ट्याच्या बाहेर निघा लागते, मग काठाकडं वळा लागते.

आता यात डॉल्फिन घाला. माणूस त्याच्या मागं पोहत जाते, नजर त्याच्या पाठीवर, आणि काठ किती लांब गेला याचं भानच नाही. मी पवनीकर भाऊच्या बाजूचा आहे, पण कारण माझं हे आहे.

आणि तो हसरा दिसते म्हणून मित्र नाही. तोंडाची ठेवणच तशी, रागावला तरी तसाच दिसन. ब्राझीलमध्ये १९९४ मध्ये किनाऱ्यावर येणाऱ्या एका एकट्या डॉल्फिनले लोकांनी इतकं छळलं, नाकपुडीत काड्या घालण्यापर्यंत मजल गेली, की त्यानं पुष्कळ लोकांना जखमी केलं आणि एक माणूस त्याच्या धडकेनं मेला. जपानच्या फुकुई भागात २०२२ पासून पोहणाऱ्यांना डॉल्फिननं चावे घेतल्याच्या बातम्या दरवर्षी येत होत्या.

राळेगाव

पण दुसरी बाजूही आहे ना. २००४ मध्ये न्यूझीलंडमध्ये व्हांगारेजवळ चौघं पोहत होते, त्यात एक जीवरक्षक आणि त्याची मुलगी. डॉल्फिनांनी त्यांच्याभोवती घट्ट रिंगण धरलं आणि बाहेर जाऊ देईनात. नंतर कळलं की जवळच मोठा पांढरा शार्क फिरत होता. हे वाचून माझ्या अंगावर काटा आला होता. अशा जिवाला आपल्यापासून तोडायचं, नुसतं लांबून पाहायचं, हे मनाला लागतं. माणसाचं आणि त्याचं काहीतरी नातं आहे.

शाळेतली ताई (खामगाव)

राळेगाव दादा, ती घटना मीही मुलांना सांगते. पण ज्यांना डॉल्फिनांनी काठाकडं आणलं ते सांगायला परत आले. कुणाला समुद्राकडं ढकललं असेल, तर ते सांगायला कोण येणार? एका घटनेवरून नातं ठरवू नये.

कपाशीवाले दादांच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं राहिलं, की चुपचाप पोहणाऱ्यानं काय बिघडतं. हवाईच्या बेटांवर नेमका हाच प्रश्न आला. तिथले स्पिनर डॉल्फिन रात्री खोल पाण्यात शिकार करतात आणि दिवसा उथळ खाडीत येऊन विसावा घेतात. त्यांची झोपही वेगळी. श्वास आपण होऊन घ्यावा लागतो, म्हणून मेंदूचा अर्धा भाग झोपतो आणि अर्धा जागा राहतो. लोक सकाळी सकाळी त्याच खाडीत पोहायला उतरायचे. बहुतेक प्रेमानंच येणारे. पण दिवसामागून दिवस झोपमोड झाली तर रात्रीची शिकार कशी होणार? म्हणून अमेरिकेनं २०२१ मध्ये नियम केला की किनाऱ्यापासून दोन सागरी मैलांच्या आत त्यांच्या ५० यार्ड, म्हणजे साधारण ४५ मीटर, जवळ जायचं नाही. पोहत नाही आणि होडीनंही नाही. न्यूझीलंडनंही २०१९ मध्ये बे ऑफ आयलंड्समध्ये बॉटलनोज डॉल्फिनांसोबत पोहणं बंद केलं, कारण तिथली त्यांची संख्या फार घटली होती.

आमचा कोकणातला डॉल्फिन स्पिनर नव्हे, मान्य. पण पिल्लाला दूध पाजायचं तर तेही पाण्याखालीच, थोडं थोडं आणि पुन्हा पुन्हा. पवनीकरांनी पाहिलेलं ते डोकं बाहेर काढणारं पिल्लू डोळ्यासमोर आणा. त्याच्या आईला तासाला चार वेळा पळावं लागलं तर?

कपाशीवाला (तिवसा)

ताई, त्या पिल्लाचं तुम्ही म्हणता ते समजलं. झोपेचंही समजलं. पण मी अजून एका गोष्टीवर उभा आहे. नियम नेहमी येणाऱ्या गरिबालेच लागते. ज्याच्याजवळ पैसा आहे तो दुसऱ्या देशात जाऊन टाकीतल्या डॉल्फिनसोबत फोटो काढून येते, त्याले कोणी काही म्हणत नाही. आमचं पोरगं समुद्रात मोकळ्या डॉल्फिनपाशी गेलं तं पाप?

शाळेतली ताई (खामगाव)

टाकीतला डॉल्फिन त्याहून वाईट, यात दुमत नाही. आपल्या देशानं २०१३ मध्येच तशा टाक्यांना परवानगी द्यायची नाही असं ठरवलं, आणि मला त्याचा अभिमान आहे. पैसेवाल्यानं केलं म्हणून ते बरोबर होत नाही दादा. तुमचं पोरगंही पापी होत नाही. त्याला फक्त सांगायचं की इथून पाहा.

मोहर्लीचा गाईड

दादाचा राग मला समजते. आमच्याकडंही गावातल्या माणसाला सफारीचं तिकीट परवडत नाही आणि बाहेरचा येऊन दहादा वाघ पाहून जाते. पण त्यावर उपाय म्हणून गावातल्या माणसानं पायी वाघाच्या जवळ जावं, असं तुम्हीही म्हणणार नाही.

पवनीकर

कपाशीवाले भाऊ, मी जे पाहिलं त्याला एक रुपया लागला नाही. होडी नव्हती की तिकीट नव्हतं. हिवाळ्यात सकाळी समुद्र शांत असतो, वारा पडलेला असतो, तेव्हा किनाऱ्यावरूनही पाठी दिसतात. मी नंतरचे दोन दिवस वाळूत बसून मोजत होतो, एका सकाळी आठ वेळा दिसले. भाच्याला उठवलं तर तो उठला नाही, होडीच्या रागात होता. आता वाटतं, हाताला धरून न्यायला पाहिजे होतं. मी त्याला नाही म्हटलं, पण त्याऐवजी काय पाहायचं ते दाखवलं नाही.

माहेर भंडारा, सासर मालवण

दादा, पुढच्या वेळी भाच्याला आमच्याकडं घेऊन या. दीर म्हणाले, इंजिन बंद करून थांबायला मी तयार आहे, पण होडीत कुणी ओरडायचं नाही, ही अट. पाण्यात कुणाला सोडणार नाहीत. ते पूर्वीही सोडत नव्हते, हे त्यांनी मुद्दाम लिहायला सांगितलंय.

कपाशीवाला (तिवसा)

आम्ही डिसेंबरात येऊन राहिलो. माय ६८ वर्षांची आहे, तिनं समुद्र पाह्यला नाही. तिले सकाळी वाळूवर बसवीन, पवनीकर भाऊ म्हणतात तसं. दिसले तं दिसले. ती म्हणाली होडीत बसायचं, तं वहिनी, तुमच्या दिराचा नंबर लागन, मले खाजगीत कळवा. पोराचं मात्र मी अजून कबूल करत नाही. तो पाण्यात असला अन् डॉल्फिन त्याच्याजवळ आला, तं मी त्याले बाहेर बोलावणार नाही.

पवनीकर

बोलावूच नका भाऊ. फक्त जागच्या जागी थांब म्हणा. आणि काठावर तुमची नजर त्याच्यावर ठेवा, ढिवर भाऊनं सांगितलं तसं.