मदत हवी आहे: तीन संस्था, एक बालविकास प्रकल्प, निधी कसा उभा करावा? (दिघा ते तुर्भे, नवी मुंबई)

नमस्कार मंडळी,

दिघा ते तुर्भे या पट्ट्यात लहान मुलांसोबत काम करणाऱ्या आम्ही तीन छोट्या संस्था आहोत. माझी संस्था अंगणवाडी सेविकांबरोबर तीन ते सहा वयाच्या मुलांच्या शिक्षणाचं काम बघते. दुसरी गरोदर आणि स्तनदा मातांच्या घरभेटी करते. तिसरीत वाचाउपचार आणि फिजिओथेरपी करणारे लोक आहेत. तिघांनी मिळून एकच प्रकल्प करायचं ठरलंय, आराखडाही तयार आहे. घोडं अडलंय ते निधीपाशी. भेटतात ते देणगीदार एका संस्थेला, एका वर्षासाठी आणि शक्यतो वस्तूंसाठी पैसे द्यायला तयार असतात. आमचा खर्च मात्र वस्तूंवर फारसा नाहीच.

प्रकरण नीट कळावं म्हणून एका मुलीबद्दल लिहिते, वस्तीचं नाव देत नाही. अडीच वर्षांची मुलगी, आई नाक्यावर कामाला, मुलगी दिवसभर आजीजवळ. दर महिन्याला अंगणवाडीत तिचं वजन व्हायचं. सेविकाताई तिला काट्यावर उभी करायच्या, उंची घ्यायच्या, ‘पोषण ट्रॅकर’ या सरकारी ॲपवर आकडे भरायच्या. वजन वयाला साजेसं. घरपोच आहाराची पाकिटं मिळत होती, लसी पूर्ण होत्या. पण पोर एक शब्द बोलत नव्हती आणि मागून हाक मारली तर वळत नव्हती. आईकडचं माता-बाल संरक्षण कार्ड मी स्वतः पाहिलं. लसींच्या प्रत्येक चौकटीत तारीख होती. मूल कधी हसतं, कधी बसतं, कधी दोन शब्द जोडतं, हे चित्रांनी दाखवलेलं पान पूर्ण कोरं होतं.

सेविकेला शंका आली होती. तिने आशाताईंना सांगितलं. आशाताईंनी आजीला ‘दवाखान्यात दाखवा’ म्हटलं. आजी नातीला ताप आल्यावर घेऊन गेली, तिथे तापाचं औषध मिळालं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं. ते आलं तेव्हा कुटुंब गावी गेलेलं. शेवटी कानांची तपासणी झाली तेव्हा मुलगी साडेतीनच्या घरात होती. इतका उशीर झाला की श्रवणयंत्र लावूनही भाषा यायला फार जड जातं.

यात कोणीही कामात कसूर केली नाही, आणि म्हणूनच मला हे जास्त लागतं. अंगणवाडी राज्याच्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेची, तिचा अहवाल मुख्यसेविकेमार्फत बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे जातो. आशाताई, एएनएम (आरोग्यसेविका) आणि नागरी आरोग्य केंद्र महापालिकेच्या आरोग्य विभागाखाली. पुढची तपासणी जिल्हा पातळीवर. प्रत्येकीचं रजिस्टर चोख, पण एका रजिस्टरमधलं नाव दुसऱ्या रजिस्टरमध्ये जाऊन पोचलं की नाही हे बघणं कोणाच्याच कामात बसत नाही. इथल्या वस्त्यांमध्ये ते जास्तच निसटतं, कारण माणसं खोली बदलतात, पेरणी-कापणीला गावी जातात, परत येतात ती दुसऱ्याच गल्लीत.

आमचा प्रकल्प या मधल्या जागेसाठी आहे. चाळीसेक अंगणवाड्या घ्यायच्या. कार्डावरचं टप्प्यांचं पान सेविकेने कसं भरायचं ते तिच्याबरोबर बसून शिकायचं. महिन्यातून एकदा मुख्यसेविका, एएनएम आणि आमचे थेरपिस्ट एकत्र बसतील आणि नावानिशी यादी वाचतील: हे मूल कुठे अडलं, कोण सोबत जाणार, कधी. थेरपिस्ट ठरलेल्या दिवशी अंगणवाडीतच येतील, म्हणजे आईचा रोज बुडणार नाही. आणि एक समन्वयक व दोन पाठपुरावा कार्यकर्त्या, ज्या शेवटपर्यंत त्या मुलाच्या मागे राहतील. अंदाजपत्रकात बहुतेक खर्च याच माणसांच्या पगाराचा आहे.

इथेच गाडी अडते. एका कंपनीत आम्हाला सांगितलं गेलं की पगार देता येत नाहीत, सीएसआरमध्ये (कंपन्यांनी कायद्याने समाजकार्यावर करायच्या खर्चात) प्रशासकीय खर्चाला पाच टक्क्यांची मर्यादा आहे. त्यापेक्षा भिंती रंगवा, खेळणी आणि टीव्ही घ्या, लगेच मंजूर करतो. दुसरीकडे विचारलं, तीन संस्थांपैकी प्रकल्प नक्की कोणाचा? खेळणी नकोत असं माझं म्हणणं नाही, ती हवीतच. पण खेळण्यांनी ती मुलगी वर्षभर आधी डॉक्टरांपर्यंत पोचली नसती.

तर विचारायचं असं: पगाराबद्दल जे सांगितलं गेलं ते खरं आहे का? एका संस्थेने निधी घेऊन बाकी दोघींना द्यायचा की प्रत्येकीने वेगळा घ्यायचा? सरकारी पैशातून काही भाग होऊ शकतो का? आणि अशा जोडकामाला कोण पैसे देतं? ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद: खाडीकाठ

बरीच वर्षं सीएसआरमध्ये काम केलंय, म्हणून लिहितो. ताई, तुम्हाला अर्धवट माहिती दिली गेली. पाच टक्क्यांची मर्यादा आहे ती कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कारभारावरच्या सर्वसाधारण खर्चाला. २०२१ मध्ये सुधारलेल्या नियमांत प्रशासकीय खर्चाची व्याख्याच दिली आहे, आणि एखाद्या विशिष्ट प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख व मूल्यमापन यांवर थेट होणारा खर्च तीतून वगळला आहे. तुमची समन्वयक आणि पाठपुरावा कार्यकर्त्या म्हणजेच अंमलबजावणी. अंदाजपत्रकात त्यांना ‘कर्मचारी खर्च’ या मथळ्याखाली टाकू नका. ‘मुलांचा पाठपुरावा आणि संदर्भसेवा’ हा उपक्रम लिहा, त्यात किती मुलं, किती भेटी ते मांडा, आणि पगार त्या उपक्रमाचा खर्च म्हणून दाखवा. काम तेच आहे, फक्त ते कंपनीच्या सीएसआर समितीला दिसतं.

एका वर्षाचं म्हणाल तर ‘चालू प्रकल्प’ म्हणून मंजुरी मागा. सुरू झालेलं आर्थिक वर्ष सोडून पुढे तीन वर्षांपर्यंत तो चालवता येतो आणि न खर्चलेली रक्कम कंपनी वेगळ्या खात्यात ठेवते. वेळही सांभाळा. कंपन्यांचा वार्षिक कृती आराखडा आर्थिक वर्षाच्या सुरुवातीला, म्हणजे एप्रिलच्या सुमारास ठरतो, म्हणून जानेवारीच्या आसपास दार ठोठवा. फेब्रुवारी-मार्चमध्ये जे स्वतःहून फोन करतात त्यांना ३१ मार्चच्या आत संपणारा खर्च हवा असतो. भिंतींचे रंग तिथूनच येतात.

कायद्यात स्थानिक भागाला प्राधान्य द्या असंही म्हटलंय. दिघा-तुर्भे म्हणजे ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्याच्या कुशीतली वस्ती, तिथल्या कंपन्यांना तुमच्यापेक्षा जवळचं कोण? आणि दोन-तीन कंपन्यांनी मिळून एक प्रकल्प घ्यायलाही नियमांत मुभा आहे, फक्त प्रत्येकीला आपला वाटा वेगळा दाखवता आला पाहिजे. एकीने थेरपी, दुसरीने पाठपुरावा, असं वाटून द्या.

प्रतिसाद: ताळेबंद

हिशेबाच्या बाजूने सांगते. एका संस्थेने सगळा निधी घेऊन पुढे वाटायचा, हा रस्ता शक्यतो धरू नका.

परदेशी पैसा असेल तर हा रस्ता बंदच आहे. २०२० च्या दुरुस्तीनंतर एफसीआरएचा (परदेशी देणग्यांच्या कायद्याखालचा) निधी एका संस्थेकडून दुसरीकडे देता येत नाही, दोघींकडे नोंदणी असली तरी नाही. देशी पैशातही एका धर्मादाय संस्थेने दुसरीला दिलेल्या देणगीपैकी ८५ टक्केच रक्कम हेतूसाठी वापरली असं आयकरात धरलं जातं. तीन संस्थांत पैसा फिरला की हा फरक अंगावर येतो.

त्यापेक्षा कंपनीने तिघींशी वेगवेगळे करार करावेत, आणि तुमच्या तिघींत एक सामंजस्य करार असावा ज्यात कोणाचं काम काय ते स्पष्ट असेल. त्यासाठी प्रत्येकीकडे आयकरातल्या धर्मादाय संस्थेच्या नोंदण्या (१२ए आणि ८०जी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या), सीएसआर निधी घेण्यासाठीची सीएसआर-१ नोंदणी आणि किमान तीन वर्षांच्या कामाचा पुरावा लागेल. तिघींपैकी एकीकडे जरी काही कमी असेल तर आत्ताच बघा, मंजुरीच्या वेळी त्यावरून सगळं लटकतं. समन्वयक कोणत्याही एकाच संस्थेच्या पगारपटावर घ्या, पण तिच्या कामाचा अहवाल तिघींकडे जाईल असं करारात लिहा.

प्रतिसाद: निवृत्त मुख्यसेविका, ठाणे

तुमच्या त्या मुलीबद्दल वाचून जीव कळवळला. अशी मुलं मी नोकरीत पाहिली आहेत, आणि शंका येऊनही पुढे काही करता न आल्याने रात्रीची झोप उडालेल्या सेविकाही पाहिल्या आहेत.

निधीच्या आधी परवानगी घ्या. बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांना भेटा, मग एकात्मिक बालविकास सेवा योजनेच्या आयुक्तालयाचं पत्र मिळवा. ते तुमच्याच गावात आहे, बेलापूरला रायगड भवनात. महापालिकेच्या आरोग्य विभागाचं पत्र वेगळं. ही दोन पत्रं हातात असली की देणगीदाराचा ‘प्रकल्प कोणाचा’ हा प्रश्नच उरत नाही. कंपनीशी बोलताना राज्याच्या अंगणवाडी दत्तक योजनेचाही उल्लेख करा, खेळणी आणि दुरुस्ती त्यातून मिळाली तर तुमचा पैसा माणसांसाठी राहील.

दुसरं, पोटतिडकीने सांगते. सेविकेला नवं रजिस्टर देऊ नका, नवं ॲप तर नकोच. तिच्याकडे आहार आहे, ट्रॅकर आहे, घरभेटी आहेत, सर्वेक्षणं आहेत, आणि त्यात तिला मुलांना शिकवायचंही आहे. केंद्र सरकारच्या ‘पोषण भी पढाई भी’ या कार्यक्रमात तीन वर्षांखालच्या मुलांसाठी ‘नवचेतना’ आणि मोठ्यांसाठी ‘आधारशिला’ आलेलं आहे, तुमचं प्रशिक्षण त्यालाच जोडा. तुमची मासिक बैठक मुख्यसेविकेच्या ठरलेल्या बैठकीच्या दिवशीच ठेवा, वेगळा दिवस मागितलात तर दोन महिन्यांत माणसं गळतील.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडला बालशिक्षणाचं काम केलं, तेव्हा तो भाग ठाणे जिल्ह्यातच होता. त्यांच्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात होती. मूल एका दारातून दुसऱ्या दारात जाताना हरवत नव्हतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमही २०१३ मध्ये पालघरहूनच सुरू झाला, तेही तेव्हा आपल्याच जिल्ह्यात. आपल्या जिल्ह्याने हे करून दाखवलंय, तुम्ही नेटाने मागे लागा.

प्रतिसाद: खाडीकाठ

सरकारी पैशाबद्दल राहिलं. महापालिकेच्या अंदाजपत्रकात महिला व बालकल्याणासाठी पाच टक्के आणि जिल्हा नियोजन समितीच्या निधीत महिला व बालविकासासाठी तीन टक्के राखीव असतात. त्यातून संस्थेचे पगार मिळतील अशी आशा धरू नका, पण तपासणी साहित्य, अंगणवाडीतला थेरपीचा कोपरा, अशा गोष्टी विभागामार्फत मागता येतात. प्रस्ताव विभागाने द्यायचा, तुम्ही तो लिहून द्यायला मदत करायची. वाशीला महापालिकेचं ईटीसी केंद्र आहे, दिव्यांग मुलांसाठीचं. त्यांना पहिल्या दिवसापासून सोबत घ्या, म्हणजे पुढची थेरपी सगळी तुमच्या अंदाजपत्रकावर येणार नाही.

अझीम प्रेमजी फाउंडेशन किंवा टाटा ट्रस्ट्स यांच्याकडेही जरूर जा. त्यांना सीएसआरसारखी ३१ मार्चची घाई नसते, त्यामुळे जोडकामाचं म्हणणं निवांत मांडता येतं. जाताना धारावीतल्या ‘स्नेहा’ संस्थेच्या कामाचा दाखला द्या. त्यांनी अंगणवाड्या आणि महापालिका, दोघांना धरून कुपोषणावर काम केलंय. तुमच्या पाठपुरावा कार्यकर्त्यांसाठी मुंबईच्या ‘उम्मीद’ या बालविकास केंद्राची प्रशिक्षणंही विचारून बघा.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. पाच टक्क्यांचा खुलासा वाचून खूप धीर आला, आम्ही त्या एका वाक्यावर आराखड्यातून समन्वयकच काढून टाकायला निघालो होतो. आता ती जागा राहील. आधी दोन्ही पत्रांच्या मागे लागतो, तिघींचे कागद तपासतो, मग जानेवारीत कंपन्यांकडे.

एक प्रश्न उरला. नावानिशी यादी तिघींकडे फिरणार. उद्या एखादी संस्था बाहेर पडली तर ती यादी कोणाची? करारात हे कसं लिहितात?

प्रतिसाद: ताळेबंद

यादी अंगणवाडीची, असंच लिहा. मूळ प्रत सेविकेकडे राहील, संस्थांकडे फक्त त्यांच्या कामापुरती माहिती, आणि बाहेर पडणारी संस्था ती ठरलेल्या मुदतीत परत करून आपल्याकडची पुसून टाकेल. शिवाय २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. तेव्हा संमतीपत्र मराठी आणि हिंदीत, सोप्या भाषेत करा, आणि आईला वाचून दाखवून मगच सही किंवा अंगठा घ्या. देणगीदाराला जाणाऱ्या अहवालात कोणत्याही मुलाचं नाव किंवा फोटो जाणार नाही, हे कलम कंपनीच्या करारातही घालून घ्या. मसुदा झाला की इथे टाका, मी वाचून देते.