देशपांडे कट्टा: रोहन शांघायला जाणार का?

रोहन: अनुताई, शांघायची ऑफर आलीय. दोन वर्षं. कामाचं सगळं बोलणं झालं, पण शनिवार-रविवारी तिथे माणूस करतो काय? भाषा येत नाही, ओळखीचं कुत्रं नाही.

मंदाआत्या: चीन??? हे कधी ठरलं? मला कुणी काही सांगत नाही.

सुहासकाका: मंदे, ठरलेलं नाही. चर्चा चालू आहे.

मंदाआत्या: चर्चा कळायलाही ग्रुपच बघावा लागतो ना!

अनुजा: आत्ता बघितलं. व्हॉट्सअ‍ॅप इथे शांघायला बंद आहे, व्हीपीएनवरून, म्हणजे इंटरनेटच्या आडवाटेनं, येते मी, आणि ते दुपारपासून रुसलं होतं. तुमच्याकडे नऊ वाजले असतील, इथे साडेअकरा झालेत. थोडक्यात लिहिते. (जमणार नाही.)

रोहन, इथे शनिवार-रविवार वीचॅटच्या, म्हणजे इथल्या व्हॉट्सअ‍ॅपच्या, ग्रुपांवर उगवतो. बॅडमिंटनचा ग्रुप, डोंगर चढणाऱ्यांचा ग्रुप, आपल्या भारतीयांचे तर चिक्कार. पण आत शिरायला कुणीतरी हात धरावा लागतो. ग्रुपचा क्यूआर कोड सात दिवसांत मरतो, आणि दोनशेच्या वर माणसं झाली की कोडही चालत नाही, आतल्यानंच ओढून घ्यावं लागतं. म्हणून पहिला महिना लाज सोडायची. जो भेटेल त्याला विचारायचं, "कुठल्या ग्रुपात आहेस, मला घे."

रोहन: आणि घेतल्यावर?

अनुजा: बुधवार-गुरुवारी कुणीतरी यादी टाकतो: शनिवार, चार वाजता, दोन कोर्ट. खाली एकेक जण आपलं नाव जोडत जातो. आठ नावं झाली की यादी बंद. नववा "कुणी गळलं तर सांगा" म्हणून ताटकळतो. खेळून झालं की यादीवाला कोर्टाचा खर्च सगळ्यांवर वाटून ग्रुपवर टाकतो आणि घाम पुसायच्या आत पैसे जमा होतात. आपल्याकडे वर्गणी मागताना जो चेहरा करावा लागतो ना, तो इथे लागतच नाही.

मंदाआत्या: अगं पण जेवणाचं काय? रोहन अंडंसुद्धा खात नाही.

अनुजा: आत्या, जरा कठीण आहे, उगाच गोड सांगत नाही. फरसबी मागवली तर वर डुकराचा खिमा भुरभुरवलेला येतो, कारण त्यांच्या लेखी ती भाजीच. पण देवळांत शाकाहारी नूडल्स मिळतात, आणि गोंगदलिन नावाचं १९२२ सालापासूनचं शाकाहारी हॉटेल आहे. होंगमेई रोडजवळ 'लाओवाय जिए' म्हणून परदेशी लोकांची खाऊगल्ली आहे, तिथे आपलं जेवणही मिळतं. शनिवारी रात्री सगळे हॉटपॉटला जातात, म्हणजे टेबलावर उकळत्या रश्श्यात आपणच भाज्या-मांस शिजवून खायचं. त्यात मधोमध पडदा असलेलं भांडं मागायचं, एकीकडे त्यांचा लालभडक रस्सा आणि दुसरीकडे मशरूमचा. फक्त चमचे वेगळे ठेवायचे. हायदिलाओ नावाच्या हॉटपॉटवाल्यांकडे नंबर लागेपर्यंत बायकांची नखंसुद्धा फुकट रंगवून देतात!

शुभावहिनी: 😳 नखं? हॉटेलात? मी निघाले.

सुहासकाका: आणि रात्री परत कसं यायचं?

अनुजा: काका, मेट्रो एरवी साडेदहा-अकराला आटोपते. शुक्रवार-शनिवारी बऱ्याच मार्गांवर मध्यरात्रीनंतरही असते. मी तर भाड्याची सायकल काढते आणि रात्री एक वाजता झाडांखालून एकटी घरी येते. ह्या बाबतीत पुण्यापेक्षा इथे मला निर्धास्त वाटतं.

मंदाआत्या: रात्री एक!!! तुझ्या आईला माहितीये का हे?

अनुजा: आता झालं माहीत.

पण रोहन, शनिवारचं फार मनावर घेऊ नकोस. 'बंड' म्हणजे इथला नदीकाठ, तिथल्या गच्चीवर महागडी बिअर, समोर नदीपलीकडच्या पुदोंगचे दिवे, हे नवा आलेला प्रत्येक जण करतो. त्यात भेटतात ते सगळे आपल्यासारखेच पाहुणे. (नदी बघायचीच असेल तर दोन युआनची फेरीबोट धर, देखावा तोच.) आणि हे पाहुणे जातात. जून-जुलै आला की दर आठवड्याला कुणाचं तरी निरोपाचं जेवण. मग ग्रुपवर सायकली, भात शिजवायचा कुकर, पोरांच्या खुर्च्या विकायला येतात. माझा ओव्हन, इस्त्रीचं टेबल, खिडकीतला मनीप्लांट, सगळं निघून गेलेल्यांचं आहे.

म्हणून मी रविवार शहरासाठी ठेवते. सकाळी फुशिंग पार्क. १९०९ सालचं, फ्रेंचांच्या वेळचं. आठ वाजता निवृत्त मंडळी स्पीकर लावून जोडीजोडीनं नाचत असतात. एक आजोबा काठीएवढा ब्रश पाण्यात बुडवून फरशीवर अक्षरं काढतात, शेवटच्या ओळीला येईपर्यंत पहिली वाळून जाते. एका काकूंनी मला नाचात ओढलं. पाय चुकला की मनगटावर चापट. आता मी त्यांची ठरलेली जोडीदार आहे.

सुहासकाका: त्या मंडळींना आपले डॉ. कोटणीस, युद्धात चिनी जखमींवर उपचार करणारे, माहीत आहेत का? सोलापूरकर म्हणून विचारतोय.

अनुजा: काका, आहेत! मी भारतीय म्हटल्यावर पत्ते खेळणारे एक आजोबा म्हणाले, "के दिहुआ". कोटणीसांचं चिनी नाव. त्यांची समाधी इथून लांब, उत्तरेला शिजियाझुआंगमध्ये आहे. तरुणांना मात्र भारत म्हटलं की आमिर खान.

सुहासकाका: १९३८ ला गेला तो माणूस, १९४२ ला तिथेच वारला. लक्षात ठेवलं म्हणायचं.

अनुजा: आत्या, आता तुझ्यासाठी. शनिवार-रविवारी दुपारी पीपल्स पार्कात आईबाप उघड्या छत्र्या मांडून बसतात. प्रत्येक छत्रीवर एक कागद: जन्मसाल, उंची, शिक्षण, पगार, फ्लॅट नावावर आहे का, शांघायचा हुकौ, म्हणजे रहिवासाची नोंद, आहे का. लग्नाची मुलं स्वतः घरी झोपलेली.

मंदाआत्या: अय्या! म्हणजे आपलं वधूवर सूचक मंडळच की. रोहनचा कागद लाव एक. उंची पाच-नऊ लिही.

रोहन: आत्या!! पाच-सात.

मंदाआत्या: छत्रीखाली कोण मोजतंय.

रोहन: ताई, सगळे शनिवार-रविवार मोकळे असतात ना पण?

अनुजा: छे. मोठ्या सुट्टीला जोडून दिवस देतात आणि पुढच्या-मागच्या शनिवार-रविवारी वसूल करतात. २०२४ ला १ ते ७ ऑक्टोबर सुट्टी होती, तर २९ सप्टेंबरचा रविवार आणि १२ ऑक्टोबरचा शनिवार कामाचा. कॅलेंडर बघूनच तिकिटं काढ. बाकी फिरायला जवळची शहरं आहेत, सुचौला आगगाडीनं अर्धा तास, हांगचौला तासभर. पासपोर्ट खिशात हवा.

शुभावहिनी: आणि आपली मराठी माणसं?

अनुजा: आहेत. गणपतीला कुणाच्या तरी फ्लॅटवर आरती, विसर्जन बादलीत. मोदक मात्र झकास, तांदळाच्या पिठाची इथे काय कमी!

सुहासकाका: थेट विमान सुरू झालंय म्हणे.

अनुजा: हो, २०२० पासून बंद होतं, २०२५ च्या शेवटी दिल्ली-शांघाय पुन्हा सुरू झालं.

रोहन: एचआरला सोमवारी उत्तर द्यायचंय. हो म्हणावं असं वाटायला लागलंय.

अनुजा: मग आजच वीचॅट घे. नवीन खात्याला आधीपासून वीचॅटवर असलेल्या कुणाची तरी खातरजमा लागते. कोड पाठव, मी स्कॅन करते.

मंदाआत्या: मलाही घ्या त्याच्यावर. निदान ठरलेलं तरी वेळेवर कळेल.