सव्वादोन वर्षांच्या मुलाला घेऊन एका दिवसात पद्मालय आणि उनपदेव जमेल का?

लहानग्याची आई, जळगाव

नमस्कार. आमच्या मुलाच्या जन्माच्या वेळी सासूबाईंनी पद्मालयाच्या गणपतीला नवस बोलला होता आणि तो येत्या मार्गशीर्षात फेडायचे घरात ठरले आहे. रविवारी सकाळी जळगावहून निघायचे, दर्शन घ्यायचे, दुपारी एरंडोलजवळ नणंदेच्या शेतात भरीत-पुरीचे जेवण करायचे आणि तेथून उनपदेवचा गरम पाण्याचा झरा पाहून रात्री परतायचे, असा बेत आहे. सासू-सासरे, दीर, जाऊबाई आणि त्यांची दोन मोठी मुले धरून आम्ही नऊ जण असू.

दसऱ्यानंतर आम्ही अजिंठ्याला गेलो होतो, तो दिवस मला विसरता येत नाही. फाट्यावर गाडी बदलून लेण्यांपर्यंत पोहोचेतो ऊन चढले, एक वाजताची त्याची झोप हुकली, जेवण अडीचला समोर आले तेव्हा त्याने घासही घेतला नाही, आणि परतताना पहूर येईपर्यंत तो माझ्या खांद्यावर हुंदके देत होता. घरचे म्हणाले, ‘लेकरू आहे, रडणारच.’ मला मात्र त्याचे हाल झाल्याचे फार वाईट वाटले. हा बेत त्याला झेपेल का? झेपणार नसेल, तर सासूबाईंचे मन न दुखवता ते कसे सांगावे?

दोन मुलांचा बाबा, धुळे

ताई, उनपदेव या वेळी सोडून द्यावे, असे मी स्पष्टच सांगेन. पद्मालय एरंडोलच्या बाजूला आहे आणि उनपदेव तापी ओलांडून चोपडा तालुक्यात, अडावदजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. जेवण आटोपून तिकडे निघायचे म्हणजे मुलाची झोपेची वेळ गाडीच्या धक्क्यांत जाणार आणि पोहोचेपर्यंत हिवाळ्याचा लहान दिवस कलू लागणार. शिवाय तेथे गोमुखातून येणारे पाणी आपल्या हाताला सुखाचे वाटले, तरी एवढ्या मुलाची त्वचा पातळ असल्यामुळे ती लवकर भाजते. पाणी दिसले की ही मुले हात घालतातच.

पद्मालयाला सकाळी आठच्या आत पोहोचावे. उजव्या आणि डाव्या सोंडेच्या दोन्ही मूर्तींचे दर्शन गर्दी होण्यापूर्वी निवांत होते. काळजी घ्यायची ती तळ्याची. नऊ माणसे असली की आईला वाटते आजी पाहत आहेत, आजींना वाटते काका पाहत आहेत, आणि तेवढ्यात मूल कमळांकडे चालू लागते. म्हणून गाडीतून उतरतानाच अर्ध्या-अर्ध्या तासाची पाळी लावावी. ज्याची पाळी असेल, त्याने मुलाचा हात सोडू नये आणि हातात मोबाइल घेऊ नये.

सासूबाईंशी तुमच्या यजमानांनी आधीच बोलावे. नवस पद्मालयाचा आहे, तो पूर्ण होणारच आहे; मग नातू हसत-खेळत देवासमोर उभा राहावा, असे कोणत्या आजीला वाटणार नाही?

तीन नातवंडांची आजी, भुसावळ

सूनबाई, आता शेतातल्या जेवणाचे सांगते. आपल्याकडे भरिताची वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजतात, त्यामुळे धूर बराच होतो. वारा जिकडून येतो त्या बाजूला मुलाला जाळापासून लांब बसवावे आणि काड्या विझल्यासारख्या दिसल्या तरी त्या राखेजवळ जाऊ देऊ नये, कारण वरून पांढरी दिसणारी राख आत कितीतरी वेळ धगधगत असते.

बडगीत, म्हणजे ठेचायच्या लाकडी भांड्यात, मिरची-लसणासह वांगी ठेचायला घेण्यापूर्वीच एक भाजलेले वांगे बाजूला काढावे, वाटीत कुस्करून त्यात मीठ आणि चमचाभर तूप घालावे. माझा धाकटा नातू ते पुरीच्या मऊ पापुद्र्याबरोबर आवडीने खातो. भरितातला अख्खा शेंगदाणा मात्र एवढ्या मुलाला अजिबात देऊ नये, तो श्वासनलिकेत अडकू शकतो. मोठ्यांचे पान वाढण्याची वाट न पाहता त्याला साडेअकराला जेवू घालावे, म्हणजे एक वाजता तो आपोआप पेंगेल. जुनी नऊवारी बरोबर न्यावी आणि कडुलिंबाच्या झाडाला झोळी बांधावी. नंतर उठल्यावर ढेकळे फोडण्यात त्याचा तास सहज जाईल. मोठ्या मुलांना तेव्हा विहिरीकडे जाऊ देऊ नका.

रोज गाडी चालवणारा, पाचोरा

एकच जोडतो. नऊ जण एका गाडीत कोंबू नका आणि मुलाला पुढच्या सीटवर मांडीवर घेऊन बसू नका. जोराचा ब्रेक लागला तर हातांनी त्याला धरून ठेवता येत नाही. दोन गाड्या न्याव्यात आणि मागच्या सीटवर त्याची बालआसनाची खुर्ची पट्ट्याने बांधावी.

लहानग्याची आई, जळगाव

सर्वांचे मनापासून आभार. यजमान काल सासूबाईंशी बोलले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, मग स्वतःच कपाटातून जुने नऊवारी लुगडे काढून झोळीसाठी बाजूला ठेवले. उनपदेवला दीर आणि जाऊबाई आपल्या मुलांना घेऊन वेगळ्या रविवारी जातील. दुसरी गाडी दीर आणतील. आजी, लसूणही न घातलेले वांगे त्याला आवडते का, ते उद्या घरी गॅसवर भाजून पाहते.