मदत हवी आहे: प्रोस्टेटच्या ऑपरेशनआधी अँटिबायोटिक किती दिवस?

बाबांचं (वय ७१) पुढच्या आठवड्यात प्रोस्टेटचं दुर्बिणीतून ऑपरेशन आहे, टीयूआरपी. लघवी अडकल्यामुळे ३ आठवडे कॅथेटर (लघवीची नळी) आहे. ताप नाही, पोटात दुखत नाही. पण काल लघवीच्या कल्चरमध्ये (जंतूंच्या तपासणीत) ई. कोलाय हे जंतू निघाले. सिप्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकपुढे 'आर' (म्हणजे जंतू दाद देत नाहीत), अमिकासिन आणि नायट्रोफ्युरँटॉइनपुढे 'एस' (म्हणजे औषध लागू पडतं).

सर्जन म्हणाले, ऑपरेशनच्या तासभर आधी अमिकासिनचं इंजेक्शन देऊ, लागलं तर अजून एक, २४ तासांत बंद. दादाला हे पटत नाही. त्याचं म्हणणं, आधी नायट्रोफ्युरँटॉइनच्या गोळ्या देऊन कल्चर साफ करा, मगच ऑपरेशन, आणि नंतरही आठवडाभर औषध चालू ठेवा. मला त्या आठवड्याचीच धास्ती आहे. २ वर्षांपूर्वी मुतखडा काढल्यावर बाबांना १० दिवस सिप्रो दिलं होतं. जुलाबांनी ते इतके गळाले की सलाईन लावावं लागलं.

कुणाला यातलं माहीत असेल तर कृपया सांगा. एवढंसं औषध पुरतं का? कल्चर साफ होईपर्यंत थांबायला हवं का?

प्रतिसाद:
मी युरोलॉजी विभागात काम करते. कॅथेटर आहे तोवर कल्चर साफ यायची वाट पाहू नका. नळीला जंतूंचा चिकट थर धरतो, तिथे औषध नीट पोचत नाही. गोळ्या थांबल्या की जंतू परत येतात, आणि बहुतेकदा आधीपेक्षा चिवट.

एरवी त्रास नसताना कल्चरमधल्या जंतूंवर सहसा औषध देत नाहीत. टीयूआरपी हा एक अपवाद, कारण प्रोस्टेट खरवडताना शिरा उघड्या पडतात आणि लघवीतले जंतू थेट रक्तात शिरू शकतात. त्या घडीला रक्तात औषध पुरेसं असणं महत्त्वाचं, म्हणून इंजेक्शन ऑपरेशनआधीच्या तासाभरात. पुढचा आठवडा गोळ्या खाऊन संरक्षण वाढत नाही. जुलाब आणि रेझिस्टन्स (जंतूंनी औषधाला दाद न देणं) मात्र वाढतात.

नायट्रोफ्युरँटॉइनपुढचा 'एस' पाहून फसू नका. ते लघवीत उतरतं, पण रक्तात आणि प्रोस्टेटमध्ये त्याची पातळी फार कमी राहते. या कामाला ते चालत नाही.

एक मात्र नक्की विचारा: क्रिएटिनिन (किडनीचं काम कळणारी रक्ततपासणी) किती आहे? लघवी अडकली की किडनीवर ताण येतो, आणि अमिकासिन किडनीला जड. मागच्या जुलाबांचंही सर्जन आणि भूलतज्ज्ञ दोघांना सांगा.

ऑपरेशननंतर थंडी वाजून ताप आला किंवा बाबा असंबद्ध बोलू लागले, तर रात्र असली तरी लगेच फोन करा. तेव्हा पुन्हा तपासण्या आणि पूर्ण उपचार लागतात, ते वेगळं प्रकरण.

धागाकर्ती:
ताई, खूप आभार. आत्ताच फाइल काढली. क्रिएटिनिन १.६ आहे, पण ते लघवी अडकली त्या दिवशीचं. नंतर केलेलंच नाही. उद्या सकाळी पहिलं तेच करायला सांगते. दादालाही तुमचा प्रतिसाद वाचायला दिलाय.