जुना विंडसर्फिंग बोर्ड: दुरुस्त करावा की दुसरा घ्यावा? (बजेट 10 हजार)

करंजाळेकर
नमस्कार मंडळी. काकांच्या घरामागच्या पडवीत बरीच वर्षं पडून असलेला विंडसर्फिंग बोर्ड (शीड लावून वाऱ्यावर चालवायची फळी) माझ्या ताब्यात आलाय. 12 फुटी, मूळचा पांढरा, आता पिवळट. वर 'टेन काटे' अशी पुसट अक्षरं आहेत. ऐंशीच्या दशकात कोणी डच पाहुणा जाताना देऊन गेला म्हणे. सागवानी बूम (शीड हाताने धरायचा आडवा दांडा) ठणठणीत आहे, शीड उंदरांनी खाल्लंय.
मोडतोड अशी: डॅगरबोर्डच्या (बोर्डाखाली पाण्यात उतरणाऱ्या उभ्या फळीच्या) खाचेपासून मागे वीतभर चीर, नाकावर टवका, आणि डोलकाठीच्या बुडाचा रबरी सांधा वाकवला की भेगा दिसतात. वजनकाट्यावर 29 किलो भरला, म्हणजे आत पाणी असणार.
दुरुस्त करावा की दुसरा जुना कुठे मिळेल? बजेट 10 हजार, फार तर 12. पावसाळ्याआधी पाण्यात उतरायचंय. आणि कृपया 'त्यापेक्षा पॅडल बोर्ड घ्या' असं सांगू नका.

निवांत नारायण
त्यापेक्षा हवेचा पॅडल बोर्ड घ्या. मी 38 हजारांना घेतला, डिकीत मावतो. कुटुंब खूश.

करंजाळेकर
@निवांत नारायण, वरची शेवटची ओळ वाचलीत का? आणि बजेटची?

मालवणी बाप्पा
ह्यात विचारण्यासारखं काय आहे? जीपी रेझिन (फायबरच्या होड्यांचं साधं पॉलिएस्टर रेझिन) आणा, काचतंतूंची 450ची मॅट आणा, चिरेवर दोन थर मारा, वर जेलकोट (चकचकीत बाहेरचा थर). आमच्या तीन फायबर होड्या अशाच चालल्यात. दीड-दोन हजारात काम. फक्त एक: रेझिन घट्ट करायला लागणारे कोबाल्ट आणि कॅटालिस्ट एकमेकांत थेट ओतू नका, भडका उडतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये ढवळायचं, कॅटालिस्ट शेवटी.

शंकासुर
एम-सील. संपला विषय. आमच्या गच्चीवरची टाकी एम-सीलवर उभी आहे.

खारा वारा
थांबा हो सगळे. आधी बोर्डाची कातडी कशाची आहे ते कळू द्या. फायबरची असेल तर बाप्पांचं बरोबर, तेही आतला फोम पॉलियुरेथेन असेल तरच. थर्माकोल असेल तर जीपी रेझिन तो खाऊन टाकतं, तिथे इपॉक्सीच लागतं. पण टेन काटे ही डच कंपनी सत्तरच्या दशकात 'विंडसर्फर' हा मूळ बोर्ड परवान्यावर बनवायची आणि त्याची कातडी पॉलिथिनची. पॉलिथिनला रेझिन, एम-सील, अरल्डाइट काहीही धरत नाही. आज लावाल, उद्या नखाने निघेल.
करंजाळेकर, घरच्या घरी तपासा. चिरेच्या कडेचा नखाएवढा पापुद्रा ब्लेडने काढा आणि पेल्यातल्या पाण्यात दाबून सोडा. वर तरंगला तर पॉलिथिन, बुडाला तर एबीएस किंवा तशाच जातीचं प्लास्टिक. मग चिमट्यात धरून जाळून बघा. पॉलिथिन मेणबत्ती विझवल्यासारखा वास देतं आणि थेंब थेंब गळतं. एबीएस काळाकुट्ट धूर सोडतं. आणि पॉलिशपेपर मारल्यावर काचेचे तंतू दिसले, तर फायबर.

मालवणी बाप्पा
आमच्याकडे सगळ्याला धरतं. हाताला पाहिजे.

होर्नकर
मी नेदरलँड्समध्ये राहतो. इथे असे बोर्ड लोक 'फुकट, येऊन घेऊन जा' म्हणून टाकतात, नाहीतर 30-40 युरोत मिळतात. आमच्या होर्न गावचा स्टीफन व्हान डेन बर्ग. 1984 साली लॉस एंजेलिसला विंडसर्फिंग पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आलं तेव्हा सुवर्ण त्याचंच. तुमच्यासारख्याच बोर्डावर बरं का.

खारा वारा
तुमच्यासारख्या नाही. त्या ऑलिंपिकचा बोर्ड विंडग्लायडर, तो वेगळा.

होर्नकर
तो त्याआधी विंडसर्फर वर्गात जगज्जेता होता, त्या अर्थाने म्हटलं.

निवांत नारायण
मग होर्नकरांकडूनच मागवा की! फुकटात काम.

होर्नकर
12 फुटी फळी विमानात कुठे ठेवू, मांडीवर? समुद्रमार्गे पाठवायचा तर भाडं आणि कस्टम मिळून बोर्डाच्या कितीतरी पट. मी एकदा भावाला नुसती डोलकाठी पाठवली होती. कुरिअरवाल्यांनी तिचे दोन तुकडे पोचवले आणि वर विचारलं, दोनच भाग होते ना. बोर्ड नको, पण सांध्याचा पॉलियुरेथेनचा टेंडन (मधला वाकणारा तुकडा) इथे सुटा मिळतो, मुठीत मावतो. मेमध्ये येतोय तेव्हा आणेन.

पुणेरी जाणकार
मुळात विंडसर्फिंगचा शोध कॅलिफोर्नियाच्या श्वाइट्झर आणि ड्रेक यांचा, पेटंट अर्ज 1968चा. टेन काटे नुसते परवानाधारक.

खारा वारा
न्यूमन डार्बीने 1965 सालीच अमेरिकेतल्या मासिकात आपल्या शीडफळीचा आराखडा छापला होता. आणि इंग्लंडच्या कोर्टाने पुढे 1985 साली तिथलं पेटंट रद्दच केलं, कारण पीटर चिल्व्हर्स नावाचा मुलगा 1958 साली हेलिंग बेटावर असलं काहीतरी चालवत होता. पण ह्याने करंजाळेकरांची चीर बुजणार नाही.

पुणेरी जाणकार
मुद्दा तत्त्वाचा आहे.

वास्कोची वेणू
अवांतर: हांगझोऊ एशियाडला आपल्या इबाद अलीने आरएस:एक्स ह्या विंडसर्फिंगच्या बोर्ड-वर्गात ब्राँझ आणलं, त्याचा धागा इथे कोणी काढला नव्हता. गोव्याचे डेन आणि कात्या कुएल्यो इतकी वर्षं विंडसर्फिंगच्या स्पर्धांत उतरतायत, त्यांच्याबद्दलही दोन ओळी नाहीत. क्रिकेट असतं तर पाचशे प्रतिसाद.

शंकासुर
आरएस:एक्स ऑलिंपिकमधून गेलं ना? पॅरिसला त्याच्या जागी आयक्यूफॉइल हा दुसरा बोर्ड-वर्ग होता.

वास्कोची वेणू
गेलं. म्हणून ब्राँझ परत करायचं का?

करंजाळेकर
पापुद्रा तरंगला! तीनदा दाबला, तीनदा वर. वासही मेणाचा. आता?

खारा वारा
म्हणजे पॉलिथिन. ह्याला प्लास्टिक वेल्डिंगच हवं. गरम हवेची गन आणि पॉलिथिनचीच कांडी. गाड्यांचे बंपर जोडणाऱ्याकडची कांडी बहुतेक पॉलिप्रॉपिलीनची असते, ती ह्याला मिसळत नाही. आणखी एक, काही जुनं पॉलिथिन क्रॉसलिंक केलेलं (आतले रेणू एकमेकांना पक्के जोडलेलं) असतं. ते वितळतच नाही, नुसतं तपकिरी पडतं. म्हणून डॅगरबोर्डच्या खाचेत, दिसणार नाही अशा जागी आधी चाचणी करा.

चिंचवडची चकली
पॉलिथिन म्हणजे गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीचंच प्लास्टिक ना? मग टाकी जोडणारा बोलवा! आमच्या सोसायटीत स्कूटरवरून येतो, गन आणि कांड्या पिशवीत. चिरेच्या दोन्ही टोकांना आधी बारीक भोक पाडतो म्हणजे ती पुढे सरकत नाही, मग व्ही आकारात खरवडून कांडी भरतो. 700 रुपये घेतले. वर त्याला चहा.

खारा वारा
ताई, ह्या धाग्यातला सगळ्यात कामाचा प्रतिसाद तुमचा.
पण करंजाळेकर, आधी वाळवा. आत पाणी असताना गन लावली तर वाफ होते आणि टाका आतून फुगून सुटतो. हा बोर्ड कोरडा 20 किलोच्या आसपास असायला हवा, म्हणजे तुमच्या फोममध्ये आठ-नऊ लिटर पाणी आहे. चीर खाली येईल असा उभा टेकवा, सावलीत. उन्हात अजिबात नको, आतली हवा तापून कातडी फोमपासून सुटते. दर आठवड्याला वजन करा. उतरायचं थांबलं की वेल्डिंग. दीड-दोन महिने धरून चाला.

शंकासुर
टाकी म्हणाल तर मी वर एम-सील सांगितलंच होतं.

वास्कोची वेणू
सांध्याकडे दुर्लक्ष करू नका. तो मध्येच तुटला की डोलकाठी एकीकडे, बोर्ड दुसरीकडे. दोन्हींना जोडणारी सुरक्षा-दोरी बांधाच. आणि सकाळी जाऊ नका. सकाळचा वारा जमिनीवरून सुटतो, शिकाऊ माणसाला थेट बाहेर नेतो. मार्च ते मे दुपारचा वायव्येचा वारा किनाऱ्याकडे ढकलतो. बुडालात तरी घरच्याच दिशेला.

करंजाळेकर
सगळ्यांचे आभार. निर्णय झाला. एप्रिल अर्धा गेलाय. दीड-दोन महिने वाळवत बसलो तर दारात पाऊस. होर्नकरांचा टेंडन यायला मेची अखेर. म्हणून काल टाकीवाल्यालाच बोलावलं. चाचणीत प्लास्टिक छान वितळलं, मग चीर आणि नाक दोन्ही भरून घेतलं. 900 म्हणाला, 800 दिले. सांधा म्हापशाच्या लेथवाल्याने जाड होजपाइपचा तुकडा आणि दोन क्लिप्स लावून करून दिलाय. शीड ताडपत्री शिवणाऱ्याकडे टाकलंय. एकूण साडेचार हजारांच्या आत.

खारा वारा
29 किलोवरच वेल्डिंग केलंत?

करंजाळेकर
28. एक किलो उतरलं होतं.

खारा वारा
धन्य आहात. वाफेने टाका सुटला तर नवा धागा काढू नका, इथेच लिहा. आणि त्या होजपाइपवर विसंबून छातीच्या वर पाण्यात जाऊ नका.

होर्नकर
टेंडन आणू की नको मग?

करंजाळेकर
आणा, आणा. पुढच्या हंगामाला लागेल.

मालवणी बाप्पा
फायबर मारला असता तर आतापर्यंत दोनदा फिरून आला असता.

निवांत नारायण
वाचलेल्या साडेपाच हजारांत पॅडल बोर्डाचा पंप येईल.

शंकासुर
तो टाकीवाला पर्वरीला येतो का? आमची परत गळायला लागलीये.

करंजाळेकर
व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.