वाळवंट हिरवं झालं म्हणून माणूस निघाला, की उगाच पावसाच्या नावावर बिल फाडतोय आपण?

पाथरवट
नाइजरमधल्या गोबेरो इथं २००० साली जीवाश्मतज्ज्ञ पॉल सेरेनो आणि मंडळी डायनोसॉरची हाडं शोधत होती. सापडली माणसांची. सहारातल्या एका आटलेल्या तळ्याकाठी सुमारे २०० दफनं, आणि आसपास मासे, मगरी, पाणघोडे यांचे सांगाडे. आज तिथं पाण्याचा टिपूस नाही. एका खड्ड्यात एक बाई आणि दोन मुलं समोरासमोर कुशीवर निजलेली, हात एकमेकांत गुंतलेले. खालच्या मातीत परागकण मिळाले, म्हणजे बहुधा फुलांवर ठेवलं होतं त्यांना.

मला अडकवलं ते दुसऱ्याच गोष्टीनं. दफनं दोन काळांतली आहेत. आधी मासेमार-शिकारी, मग सुमारे हजार वर्षं कुणीच नाही, मग वेगळ्याच चेहरेपट्टीचे गुराखी. मधल्या काळात तळं आटलं होतं.

कारण माहीत आहे. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा डुलतो. आज आपण सूर्याच्या सर्वांत जवळ जानेवारीत असतो. १०-११ हजार वर्षांपूर्वी उत्तरेकडच्या उन्हाळ्यात असायचो. जमीन जास्त तापायची, आफ्रिकेतला मान्सून पार वर सहारात चढायचा आणि वाळवंट हिरवं व्हायचं. चाडचं तळं तेव्हा अख्ख्या महाराष्ट्राहून मोठं होतं! सुमारे ५,००० वर्षांपूर्वी हा खेळ संपला.

माझं म्हणणं सरळ आहे. माणसाच्या स्थलांतराचा नकाशा पावसानं काढला. हिरवं झालं की वाट उघडते, वाळलं की माणसं बाहेर फेकली जातात. इजिप्तसुद्धा सहारानं नाईलकाठी ढकललेल्या लोकांतून उभं राहिलं. हाणा आता.

उचापती
हाणतोच. हिरवं असलं की वर्दळ असणारच, हे कुणी ठरवलं?

लिबियात ताकारकोरी नावाची कपार आहे. तिथं सुमारे ७,००० वर्षांपूर्वीच्या दोन बायकांचे आपोआप सुकलेले देह मिळाले. म्हणजे सहारा अगदी भरात असतानाचे. त्यांचा डीएनए २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. तुमच्या हिशेबानं त्यात दक्षिणेकडच्या आफ्रिकेची भरपूर सरमिसळ हवी होती. निघालं उलटं. त्यांचा वंश उत्तर आफ्रिकेतलाच, सहाराच्या दक्षिणेकडच्यांपासून सुमारे ५०,००० वर्षांपूर्वी फुटलेला आणि नंतर बराचसा आपल्यातच राहिलेला. सर्वांत जवळचे नातेवाईक कोण? मोरोक्कोतल्या ताफोराल्टचे, त्यांच्याही ८,००० वर्षं आधीचे शिकारी.

म्हणजे वाट उघडी होती आणि वाटेवर फारसं कुणी नव्हतं. गुरं राखायची विद्या तिथवर पोचली, ती आणणाऱ्यांची लेकरंबाळं मात्र नावालाच.

पाथरवट
दोन बायकांवरून अख्खा सहारा?

उचापती
दोन बायका म्हणजे दोन माणसं नव्हेत हो. एका माणसाच्या डीएनएत हजारो पूर्वजांचा हिशेब असतो. पिढ्यानपिढ्या दक्षिणेकडून रांग लागली असती तर खुणा दिसल्याच असत्या.

टपरीवरचा
चहा सांगितलाय. चालू द्या. फक्त एक विनंती, कुणी इसवीसनपूर्व आणि कुणी ‘इतक्या वर्षांपूर्वी’ अशी भेळ करू नका, माझ्यासारख्याचं गणित कोलमडतं.

हाइलकर
आठ वर्षं सौदीत हाइलला नोकरी करतोय, म्हणून सहारा सोडून इथल्या नफूद वाळवंटाकडे नेतो. सुट्टीच्या दिवशी गाडी काढून जुब्बाला जातो. चारी बाजूंना तांबडी वाळू, मध्ये जुन्या तळ्याचा खोलगट भाग आणि त्यात उम्म सिनमान हा डोंगर. खडकावर लांब शिंगांच्या गायी कोरल्यात. गायी! नफूदमध्ये! पहिल्यांदा पाहिल्या तेव्हा हसूच आलं. गायीला रोज पाणी लागतं, चारा लागतो.

हे झालं अलीकडचं. याच वाळवंटात अलाथर नावाच्या जुन्या तळ्याच्या चिखलात सुमारे १,२०,००० वर्षांपूर्वीचे पावलांचे ठसे मिळाले. हत्ती, उंट आणि सात ठसे माणसाचे. जवळच अल वुस्ताला माणसाच्या बोटाचं हाड मिळालं, ते सुमारे ८५-९० हजार वर्षांपूर्वीचं. दोन्ही ओल्या काळातलेच. पाथरवटांना माझं मत.

उचापती
हाइलकर, अलाथरला दगडी हत्यारं मिळाली का? हाडांवर चिरल्याच्या खुणा? नाही. पाणी प्यायले आणि गेले. त्याला स्थलांतर म्हणायचं तर मीही रोज नाक्यापर्यंत स्थलांतर करतो.

आता मुद्द्याचं. आज आफ्रिकेबाहेर असलेल्या जवळजवळ सगळ्यांचे पूर्वज ज्या लाटेत निघाले, ती सुमारे ६०-५० हजार वर्षांपूर्वीची. एडनच्या आखाताच्या तळातला गाळ तपासला, त्याचा निष्कर्ष २०१७ मध्ये आला: त्या सुमारास आफ्रिकेचं शिंग (सोमालिया-इथिओपियाकडचं टोक) थंड आणि कोरडं होतं. म्हणजे सगळ्यांत मोठी चाल वाळल्या काळात.

पाथरवट
मग झालंच की! वाळलं म्हणून निघाले.

उचापती
हेच ऐकायचं होतं. हिरवं झालं म्हणून निघाले, वाळलं म्हणूनही निघाले. छापा आला तर तुम्ही जिंकलात, काटा आला तर मी हरलो. तुमचा सिद्धांत चुकणार कधी, तेवढं सांगा.

मेंढरामागून
दोघांचंही एक चुकतंय. स्थलांतर म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर बोजाबिस्तरा घेऊन कायमचा निघालेला माणूस येतो.

माझं आजोळ फलटणकडचं, धनगराचं. दिवाळी सरली की वाडा, म्हणजे माणसं-मेंढरांचा तांडा, निघायचा, घाट उतरून कोकणात. घोड्यांवर संसार, पुढे मेंढरं. शेतकरी रात्री शेतात मेंढरं बसवायचे, त्याच्या बदल्यात धान्य. पाऊस पडायच्या आत परत वर, कारण कोकणातल्या पावसात मेंढरू टिकत नाही. आजोबांना विचारलं असतं ‘तुम्ही स्थलांतरित का?’, तर काठीच घातली असती पाठीत.

ताकारकोरीच्या मडक्यांत दुधाचे अंश सापडलेत. दुधावर जगणारी माणसं जनावरामागं फिरणार आणि फेरा संपवून परतणार. पाऊस कमी झाला तर फेरा थोडा सरकतो, एखादा पाणवठा सुटतो. दहा पिढ्यांनी तो भलतीकडेच गेलेला असतो, पण मधल्या कुणालाच ‘आपण सहारा सोडला’ असं वाटलेलं नसतं. आणि फेरा आपल्यातच असेल तर रक्तही आपल्यातच राहणार. ताकारकोरीचं कोडं मला तरी एवढं मोठं वाटत नाही.

उचापती
हे पटण्यासारखं आहे. पण सगळं हळूहळू झालं असेल तरच. आणि तिथंच भांडण आहे. मॉरितानियासमोरच्या समुद्रतळातली धूळ मोजणाऱ्यांना सुमारे ५,५०० वर्षांपूर्वी एकाएकी वाळवंट झालेलं दिसलं. चाडमधल्या योआ तळ्याचा गाळ पाहणाऱ्यांना सावकाश वाळत गेलेलं दिसलं.

पाथरवट
जेवण करून आलो. ‘चुकणार कधी’ हा प्रश्न झोंबला, पण रास्त आहे.

तर माझी अट अशी. पूर्व सहारा रिकामा होत असताना नाईलकाठची वस्ती वाढली नसती, तर मी चूक. कुपर आणि क्रोपेलिन या दोन संशोधकांनी २००६ मध्ये पूर्व सहारातल्या सुमारे दीडशे स्थळांच्या तारखा एकत्र मांडल्या. वाळवंट हिरवं होतं तेव्हा नाईलचं खोरं जवळजवळ ओस, बहुधा दलदलीमुळे. सुमारे ७,३०० वर्षांपूर्वी पाऊस मागं सरायला लागला, इजिप्तच्या वाळवंटातली ठाणी सुटत गेली, आणि मग नाईलकाठी गावं दिसायला लागतात. काही लोक पावसामागं दक्षिणेला सुदानकडे सरकले. तारखा उलट्या आल्या असत्या तर हा धागा काढलाच नसता.

आफ्रिकेबाहेरच्या लाटेवर मात्र माघार. दोन्ही तोंडांनी बोललो, कबूल.

उचापती
पूर्व सहारापुरतं मान्य. शीर्षकात ‘माणूस’ लिहिलंय, तिथं ‘पूर्व सहारातला माणूस’ करा.

पाथरवट
शीर्षक बदलत नाही. असलं शीर्षक असतं तर तुम्ही तरी आला असता का?

टपरीवरचा
हाइलकर, त्या गायींचे फोटो टाका की. इथं नुसतीच हाणामारी चाललीय.

हाइलकर
शनिवारी टाकतो. एक आधीच सांगतो, एका गायीच्या पोटावर नंतर कुणीतरी उंट कोरलाय. उंटाच्या रेघा उजळ, गायीच्या काळपट, त्यामुळे आधी कोण आणि नंतर कोण ते साध्या डोळ्यांनी कळतं.

उचापती
बघा, म्हणजे वाळल्यावरही तिथं कुणीतरी होतंच.

मेंढरामागून
गाय सोडून.